मुलाच्या पायाचं ऑपरेशन ‘कॉम्प्युटरवर’ करायचं का?

‘पायाचं ऑपरेशन आता कॉम्प्युटरवर करतात म्हणे, मग साध्या हाडाच्या डॉक्टरकडे कशाला जायचं?’ हा प्रश्न भूगाव, पिरंगुट, हिंजवडीकडच्या पालकांकडून सतत येतो. मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, ताम्हिणी-भांबर्डे पट्ट्यातून येणारा प्रश्न वेगळा असतो: ‘बाळाचा पाय आत वळलाय. पुण्यात मोठ्या मशिनवर फोटो काढायला सांगितलाय. पैसे जमेपर्यंत थांबलं तर चालेल ना?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘गरज नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘अजिबात थांबू नका, आणि तो फोटो बहुधा लागणारही नाही’ असं आहे. मुलांच्या पाऊल-घोट्याच्या काही थोड्या ऑपरेशनांत कॉम्प्युटरची खरोखर मदत होते. ती कुठली, हे ओळखता आलं की निम्मा गोंधळ संपतो. कुठल्याही तपासणीआधी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारायची सवय लावून घ्या: हा फोटो काढल्यामुळे तुमचा उपचाराचा निर्णय बदलणार आहे का? बदलणार नसेल तर तो फोटो कशासाठी?

आधी वय बघा, मग मशीन

- नवजात ते चालायला लागेपर्यंत, पाय जन्मतः आत वळलेला: हात लावून तपासणी आणि दर आठवड्याचं प्लास्टर. सीटी नको, एमआरआय नको, बहुतेकदा एक्स-रेही नको.
- शाळकरी मूल, पाय सपाट पण दुखत नाही: काहीच नको.
- साधारण ८ ते १६ वर्षं, पाऊल ताठर, घोटा वारंवार मुरगळतो: आधी उभं राहून काढलेला एक्स-रे, मग गरजेप्रमाणे सीटी किंवा एमआरआय.
- १२ ते १५ वर्षं, खेळताना घोट्याचं हाड मोडलं: सीटीचा खरा उपयोग इथे होतो.
- जुना, राहून गेलेला किंवा पुन्हा वळलेला पाय: प्रत्येक मुलाचा निर्णय वेगळा. यातल्या काहींना कॉम्प्युटरवर आखलेली रिंग लावतात.

वळलेला पाय: इथे मशीन नको, वेळापत्रक पाळा

हजार जन्मांमागे साधारण एका बाळाचा पाय असा असतो. गरोदरपणी आईने ग्रहण पाळलं नाही, विळी हातात धरली, म्हणून पाय वाकडा झाला, हे आजही ऐकवलं जातं. त्यात काडीचं तथ्य नाही. आईला दोष देण्यात पहिला महिना वाया जातो, आणि तोच महिना उपचाराला सर्वांत चांगला असतो.

इथे एक्स-रे का कामाचा नाही, तेही समजून घ्या. जन्मताना पावलाच्या मागच्या-मधल्या भागातली बरीचशी हाडं कूर्चेची असतात आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. टाचेचं आणि घोट्याचं हाड तेवढं दिसतं. पावलाच्या आतल्या बाजूचं नौकेच्या आकाराचं हाड तर दिसू लागायला साधारण तीन वर्षं लागतात. जे हाड अजून चित्रात येतच नाही, त्याची जागा कॉम्प्युटर काय दाखवणार? म्हणून जाणकार डॉक्टर पाय हातात घेऊन सहा खुणा तपासतात आणि ० ते ६ असा पिरानी गुण देतात. हा गुण दर भेटीत केसपेपरवर लिहिलेला असतो. तो बघायला शिका. गुण उतरत गेला की पाय सुधारतो आहे.

उपचाराची पद्धत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बसवायला घेतली. तिचे टप्पे असे:

१. दर आठवड्याला पाय हलक्या हाताने थोडा सरळ करून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर. अशी साधारण पाच ते सहा प्लास्टर लागतात.
२. बहुतेक मुलांमध्ये शेवटी टाचेमागची शीर एका छोट्या छेदातून मोकळी करावी लागते. लहान बाळाला ही क्रिया बहुधा फक्त जागा बधिर करून होते. त्यानंतर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर.
३. मग पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत फक्त झोपेत.

घरचे कंटाळतात ते तिसऱ्या टप्प्यात. पाय सरळ दिसतो, बाळ रडतं, आजी म्हणते राहू दे आजची रात्र. अशा रात्री वाढत गेल्या की पाय पुन्हा वळतो. जी मुलं पुढे मोठ्या ऑपरेशनपर्यंत पोचतात, त्यांतल्या अनेकांचे बूट असेच मधे सुटलेले असतात.

मुळशीत दोन अडचणी जास्तीच्या आहेत. पहिली पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये ओल भिंतीतून आत येते, प्लास्टर भिजतं, मऊ पडतं. प्रवासात पायावर प्लास्टिकची पिशवी सैल बांधा आणि घरी पोचताच सोडा, नाहीतर आतल्या घामानेच प्लास्टर ओलं होतं. दुसरी अडचण भात लावणीची. नेमक्या आवणाच्या दिवसांत आठवड्याची फेरी चुकते. बाळ मे-जूनमध्ये जन्मलं असेल तर दवाखान्यात कोण घेऊन जाणार हे घरात आधीच ठरवा. आई-वडिलांऐवजी मामा किंवा आत्या गेली तरी चालतं, फेरी मात्र चुकू देऊ नका.

प्लास्टर घातल्यावर बोटं निळी किंवा पांढरी पडली, सुजली, किंवा आत सरकून दिसेनाशी झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी जा. हाडवैद्याकडून मालीश किंवा ओढून सरळ करण्याच्या फंदात पडू नका. कोवळी कूर्चा जोराने दाबली तर तिचा आकार कायमचा बिघडतो.

जायचं कुठे? दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणं अपेक्षित असतं. पहिल्याच भेटीत बाळाची दुपटी सोडून पाय दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत वळलेला पाय आहे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार त्यात मोफत आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, पण पथक येईपर्यंत थांबायची गरज नाही. माले किंवा माण इथलं प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर पौडचं ग्रामीण रुग्णालय, इथून चिठ्ठी घ्या आणि औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससूनचा अस्थिरोग विभाग गाठा. पोन्सेटी पद्धतीचं प्लास्टर कुठल्या वारी घालतात, हे आधी विचारून घेतलं तर एक फेरी वाचते.

पंधरा दिवसांच्या बाळासाठी कुणी आधी सीटी आणि मग मोठं ऑपरेशन सुचवत असेल, तर दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. इथे मी तरी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही.

शाळकरी मूल: सपाट पाय आणि दुखरा पाय वेगळे

मुलाला टाचा उचलून चवड्यावर उभं करा आणि मागून बघा. पावलाची कमान उमटली आणि टाचा किंचित आत वळल्या, तर तो लवचीक सपाट पाय. दुखत नसेल तर त्याला ना एक्स-रे लागतो, ना महागडे सोल, ना ऑपरेशन. शाळेच्या शिबिरात पाय स्कॅन करून रंगीत छापील चित्र देतात आणि लगेच सोल विकतात. तळव्यावर कुठे किती भार पडतो, एवढंच ते चित्र सांगतं. आत हाड कसं आहे ते त्यातून कळत नाही.

चवड्यावर उभं राहूनही कमान उमटत नसेल, पाऊल ताठ वाटत असेल, खेळून आल्यावर घोट्याखाली दुखत असेल आणि पाय वरचेवर मुरगळत असेल, तर मात्र दाखवा. पावलातली दोन हाडं जन्मतःच एकमेकांना चिकटलेली असू शकतात. हा जोड लहानपणी कूर्चेचा असतो, म्हणून त्रास होत नाही. तो हाडाचा होऊ लागतो ८ ते १६ या वयात, आणि तेव्हा मूल लंगडायला लागतं. घरचे ‘शाळा बुडवायचं निमित्त’ म्हणून सोडून देतात.

इथे तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी उभं राहून, पायावर भार देऊन काढलेले एक्स-रे, त्यांत एक तिरका. जोडाचा एक प्रकार या तिरक्या फोटोतच दिसून येतो. दुसरा प्रकार टाचेच्या सांध्यात लपलेला असतो. तो नीट मोजायला सीटी लागतो. जोड अजून कूर्चेचा असेल तर एमआरआय जास्त बोलका. झोपवून काढलेल्या एक्स-रेवरून सपाट पायाचं निदान कुणी केलं असेल, तर उभं राहून पुन्हा काढायला सांगा.

आणि जोड दिसला म्हणजे ऑपरेशन ठरलं, असंही नाही. आधी काही आठवडे विश्रांती, प्लास्टर किंवा आधाराचा बूट. त्याने दुखणं थांबलं तर तेवढ्यावर भागतं.

घोट्याचं फ्रॅक्चर: इथे सीटी नाकारू नका

नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाला वाढीची पट्टी असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. बारा-तेराव्या वर्षानंतर ती हळूहळू बंद होते. सगळी एकदम होत नाही, मधून सुरू होऊन आतल्या बाजूला जाते आणि बाहेरची बाजू शेवटी मिटते. यात साधारण दीड वर्ष जातं. या दीड वर्षात कबड्डीत किंवा स्कूटरवरून पडताना पाय पिळवटला, तर हाड तीन वेगवेगळ्या दिशांना चिरू शकतं. समोरून आणि बाजूने काढलेल्या फोटोंत ते अर्धवटच दिसतं.

सांध्याच्या पृष्ठभागात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट किंवा पायरी राहिली, तर पुढे सांधा झिजण्याचा धोका असतो, म्हणून सहसा ऑपरेशन करून स्क्रू घालतात. ही फट सीटीत मोजता येते, आणि स्क्रू कुठून कुठे जावा हेही आधी आखता येतं. ‘सीटीचा खर्च कशाला, प्लास्टर घाला’ हा आग्रह या एका ठिकाणी महागात पडतो.

‘कॉम्प्युटर’ म्हणजे नक्की कोणता?

एकाच शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. तुम्हाला यांपैकी कोणती सुचवली आहे, ते विचारा आणि लिहून घ्या.

- साधं सीआर्म: इंग्रजी ‘सी’च्या आकाराचं फिरतं एक्स-रे यंत्र, ऑपरेशन चालू असताना पडद्यावर हाड दाखवतं. हाडाचं ऑपरेशन करणाऱ्या बहुतेक रुग्णालयांत हे असतं. मुलांच्या पायाची बहुसंख्य ऑपरेशनं यावरच उत्तम होतात.
- त्रिमितीय सीआर्म: तेच यंत्र पायाभोवती फिरून अनेक फोटो घेतं आणि त्यांचं सीटीसारखं चित्र तयार करतं. फायदा असा की स्क्रू सांध्यात घुसला आहे का, हे मूल टेबलावर असतानाच कळतं, दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही.
- नेव्हिगेशन: हाडाला एका पिनेने परावर्तक गोळ्या लावतात, कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवतो आणि ड्रिलचं टोक हाडात कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. मोबाइलवर रस्ता बघत जावं तसं.
- त्रिमितीय छापील नमुना: सीटीवरून हाडाची प्रतिकृती छापून डॉक्टर आधी तिच्यावर सराव करतात, किंवा कापायची दिशा दाखवणारा साचा बनवतात.
- सॉफ्टवेअरवर आखलेली रिंग: पायाबाहेर लावायची चौकट. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

रस्त्यावरच्या फलकांवर दिसणारा ‘रोबोट’ यांत नाही. तो मुख्यतः मोठ्या माणसांच्या गुडघेबदलासाठी असतो.

नेव्हिगेशन मणक्यात जितकं रुळलं, तितकं पावलात रुळलेलं नाही, आणि याला कारण आहे. पावलात छोटी-छोटी अनेक हाडं, सगळी एकमेकांवर हलणारी. गोळ्या ज्या हाडाला लावल्या, त्याच हाडाची जागा कॅमेऱ्याला कळते. शेजारचं हाड सरकलं तर पडदा जुनीच जागा दाखवत राहतो. पिनेला धक्का लागला तरी तेच. लहान मुलाच्या हाडात तर पिनेला जागाच नसते. म्हणून अनुभवी डॉक्टर पडद्यावर विसंबत नाहीत, मधेमधे साध्या एक्स-रेने पडताळतात.

मग ते कामाचं कुठे? जागा इवलीशी आणि शेजारी जपण्यासारखं काही असेल तिथे. घोट्याच्या हाडात कूर्चेखाली झालेला खराब भाग, वरची चांगली कूर्चा न फोडता खालून पोखरायचा असेल तेव्हा. हाडातली छोटी दुखरी गाठ नेमकी गाठायची असेल तेव्हा. मार लागून ग्रोथ प्लेटमध्ये हाडाचा पूल तयार झालेला असेल आणि तेवढाच काढायचा असेल तेव्हा. टाचेच्या सांध्यातला चिकटलेला जोड पूर्ण निघाला की नाही, हे बघायचं असेल तेव्हा. तुमच्या मुलाचा आजार यांत नसेल, तर नेव्हिगेशन आहे म्हणून रुग्णालय निवडू नका. मुलांच्या पायाची ऑपरेशनं नेहमी करणारा डॉक्टर आणि साधं सीआर्म ही जोडी बहुतेकांना पुरते.

सहा रॉडची रिंग घरी येणार असेल तर

हा कॉम्प्युटर तुमच्या घरापर्यंत येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मोठ्या मुलाचा पाय कधीच सरळ केलेला नसेल, किंवा ऑपरेशन होऊन पुन्हा वळला असेल, तर पायाभोवती धातूच्या कड्या लावून हाडं आणि सांधे हळूहळू जागेवर आणता येतात. मूळ पद्धत रशियातल्या कुर्गान शहरच्या डॉ. इलिझारोव्ह यांची. पुढे अमेरिकेतल्या टेलर बंधूंनी दोन कड्या सहा तिरक्या रॉडनी जोडून त्याला सॉफ्टवेअरची जोड दिली. डॉक्टर एक्स-रेवरची मापं कॉम्प्युटरमध्ये भरतात आणि कॉम्प्युटर रोजचा तक्ता छापून देतो: अमुक तारखेला अमुक रॉड अमुक आकड्यावर.

रॉड फिरवायचे तुम्ही, रोज, घरी. गोंधळ होऊ नये म्हणून या रॉडना सहसा रंग असतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. रुग्णालयातून निघण्यापूर्वी इतकं करून घ्या:

- घरातल्या दोघांनी परिचारिकेसमोर प्रत्येक रॉड एकदा फिरवून दाखवावा. एकालाच येत असेल आणि तो कंपनीत रात्रपाळीला गेला तर खोळंबा होतो.
- तक्ता कागदावर छापून घ्या. मोबाइलवर पाठवलेला तक्ता वीज आणि रेंज गेली की मिळत नाही, आणि धरणापलीकडे दोन्ही जातात.
- फिरवून झालं की तक्त्यावर खूण करा. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट फिरवू नका, फोन करून विचारा.
- तारा जिथे कातडीतून बाहेर येतात ती जागा कशी आणि किती वेळा पुसायची, ते लिहून घ्या. लाली, पू, वाढतं दुखणं किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं.
- बोटं बधिर झाली, गार पडली किंवा वाकडी होऊ लागली, तर रॉड फिरवणं थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

एक्स-रेवरचं माप चुकीचं भरलं तर कॉम्प्युटर चुकीचाच तक्ता बिनचूक छापतो. म्हणून मधल्या तपासण्या टाळू नका. सॉफ्टवेअरची रिंग परवडत नसेल तर साध्या इलिझारोव्ह रिंगवरही हे काम होतं, बोल्ट जास्त वेळा हाताळावे लागतात इतकंच. आणि मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर रिंगचा विचार करण्याआधी ‘आता प्लास्टरने किती सुधारेल?’ हे जरूर विचारा. चालायला लागलेल्या मुलांतही पोन्सेटी प्लास्टरचा उपयोग होतो.

किरणांची भीती किती बाळगायची?

पावलाच्या एका एक्स-रेमध्ये किरणोत्सर्गाची मात्रा साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट असते. घोट्याच्या सीटीत सुमारे ०.०७. आपण सगळे निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट घेत असतो. म्हणजे घोट्याचा सीटी हा साधारण दहा-अकरा दिवसांच्या नैसर्गिक मात्रेएवढा. पोटाचा सीटी याच्या शंभरपट असू शकतो, त्याची भीती पायाला लावू नका. पण गरज नसताना तोच फोटो पुन्हा काढणं चूकच.

- सीटी काढताना ‘लहान मुलाची मात्रा लावली आहे ना?’ असं विचारा.
- मुलाला धरायला थांबणाऱ्याने शिशाचा एप्रन घालावा. गरोदर आईने आत थांबू नये.
- यंत्राला परमाणु ऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. विचारलं तर रुग्णालयाने दाखवावी.
- एमआरआयमध्ये किरण नाहीत, पण बराच वेळ निश्चल पडून राहावं लागतं. लहान मुलाला त्यासाठी भूल लागू शकते, आणि भुलीची जोखीम वेगळी मोजावी लागते.

सही करण्यापूर्वी विचारा

१. ऑपरेशन न करता आणखी काय करता येईल? सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?
२. असं ऑपरेशन तुम्ही लहान मुलांवर किती वेळा केलं आहे?
३. कॉम्प्युटरची मदत नेमकी कुठल्या टप्प्यावर लागणार? ती ऐनवेळी बंद पडली तर साध्या सीआर्मवर पूर्ण करणार का?
४. ग्रोथ प्लेटला धक्का लागू शकतो का? लागला तर पाय आखूड किंवा वाकडा होईल का?
५. स्क्रू-तारा काढाव्या लागतील का, कधी, आणि त्याचा खर्च वेगळा आहे का?

मूल १८ वर्षांखालचं असल्याने संमतीवर तुमची सही असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे की संमतीआधी उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि जोखीम रुग्णाला सांगायला हवी, आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. कागद मराठीत नसेल तर वाचून, समजावून मागा. आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्याच पायाचं काय होणार आहे ते सांगा. कायदा त्याची सही मागत नाही, पण प्लास्टर त्यालाच सांभाळायचं आहे.

पैशाची बाजू

- महात्मा फुले जनआरोग्य योजना: १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून तुमच्या मुलाची शस्त्रक्रिया यादीत आहे का ते विचारा. असेल तर उपचार रोकडरहित असतो. त्यावर ‘नेव्हिगेशनचे वेगळे द्या’ असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर विचारा. बाळाचं नाव शिधापत्रिकेवर चढवायचं राहिलेलं असतं, तिथे घोडं अडतं. जन्मदाखला मिळताच ते काम उरका.
- धर्मादाय रुग्णालयं: पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं सार्वजनिक न्यासांची आहेत. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. पौडच्या तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि दाखल होतानाच रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटा. बिल झाल्यावर सवलत मागणं कठीण जातं.
- खासगी विमा: जन्मजात आजार वगळलेला आहे का, हे पॉलिसीत बघा. माण-हिंजवडीच्या कंपन्यांच्या गटविम्यात तो अनेकदा धरलेला असतो. मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या.

लवळ्याचं सिम्बायोसिस रुग्णालय तालुक्यातच आहे. पुण्याला जाण्याआधी इथे मुलांचे अस्थिरोगतज्ज्ञ कुठल्या वारी असतात ते विचारायला हरकत नाही.

फिल्म नको, फाईल मागा

सीटी झाल्यावर बहुतेक पालक मोठी काळी फिल्म घेऊन घरी येतात. फिल्म भिंतीवर धरून बघता येते, पण त्यावरून कॉम्प्युटरवर आखणी करता येत नाही. त्यासाठी मूळ डिजिटल फाईल लागते, तिला डायकॉम म्हणतात. सीडी किंवा पेनड्राइव्हवर ‘पातळ कापांसह संपूर्ण डायकॉम’ असं म्हणून मागा. ती नसली की दुसऱ्या रुग्णालयात सीटी पुन्हा काढावा लागतो: पुन्हा पैसे, पुन्हा किरण. सीडी घरी नेण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून मुलाचं नाव आणि डावा-उजवा पाय तपासा.

वैद्यकीय कागदपत्रांची प्रत अर्ज केल्यापासून ७२ तासांत मिळणं हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांवर मात्र ती कागदपत्रं फक्त तीन वर्षं जपायचं बंधन आहे. मूल त्यानंतरही वाढत असतं. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, पिरानी गुणांचे केसपेपर आणि स्क्रू-प्लेटच्या वेष्टनावरचे स्टिकर एका पत्र्याच्या पेटीत, पावसापासून दूर ठेवा.

काही बिनसलं तर

आधी रुग्णालयाच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. दाद मिळाली नाही तर ग्रामीण भागासाठी औंधच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शहरातल्या रुग्णालयाबाबत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा. धर्मादाय खाटा नाकारल्या तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालय. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. उपचारासाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

ऑपरेशननंतर किती वर्षं दाखवायचं?

मुलींच्या घोट्याजवळची वाढ साधारण १४ व्या आणि मुलांची १६ व्या वर्षापर्यंत चालते. तोपर्यंत ग्रोथ प्लेटजवळचं ऑपरेशन झालेल्या किंवा वळलेला पाय सरळ केलेल्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा तरी दाखवा, पाय दुखत नसला तरी. दोन्ही पाय उघडे करून, चालवून, चवड्यावर उभं करून दाखवा. पुढची तारीख लसीकरणाच्या कार्डावर लिहा आणि ती भात काढणीच्या हंगामाबाहेरची मागून घ्या.